शिंपल्याच्या कॅच स्नायूचे संगणकी प्रारूप: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

सागरी मृदुकाय प्राण्यांच्या स्नायूंचे आकुंचन चेतापारेषकांच्या (चेतापेशी संदेश देण्यासाठी सोडतात त्या रसायनांच्या) ताब्यात कसे असते, हे एका लहान संगणकी प्रारूपातून दाखवणे असा या प्रकल्पाचा विषय आहे. विषय पसरट असल्यामुळे एकच स्नायू मध्यवर्ती ठेवायचा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून पाहायचे, असे ठरवले. हा स्नायू म्हणजे मायटिलस एड्युलिस या द्विपुट शिंपल्यातील बायसस धाग्यांचा (ज्यांनी शिंपला खडकाला धरून राहतो त्यांचा) जुडगा आत ओढणारा पुढचा स्नायू. त्याचे तंतू लांब आणि एकमेकांना समांतर असतात, तो शरीराबाहेर काढून समुद्राच्या पाण्यात दीर्घकाळ जिवंत ठेवता येतो, आणि त्याच्यावरचे प्रकाशित संशोधन १९३०च्या दशकापासून सलग उपलब्ध आहे. प्रारूपाला ताळा पाहण्यासाठी इतका भरपूर आधार असलेला दुसरा मृदुकाय स्नायू मला तरी दिसत नाही.

प्रश्न असा मांडता येईल. स्नायूवर ॲसिटिलकोलिन हा चेतापारेषक सोडला की तो आकुंचन पावतो. ॲसिटिलकोलिन धुऊन टाकले तरी ताण मात्र उतरत नाही, तो अगदी संथपणे कमी होत राहतो आणि या काळात स्नायूचा ऊर्जाखर्च विश्रांतीच्या वेळेपेक्षा किंचितच जास्त असतो. यालाच कॅच अवस्था म्हणतात. याच वेळी पाण्यात अत्यल्प प्रमाणात, अगदी लिटरला एका मायक्रोमोलच्या आत, सेरोटोनिन हा दुसरा चेतापारेषक मिसळला की ताण झपाट्याने उतरतो. आपल्या हातापायांच्या स्नायूंना आकुंचनासाठी चेतांकडून संदेश लागतो आणि संदेश थांबला की ते आपोआप सैल होतात. येथे सैल होण्यासाठीही स्वतंत्र संदेश लागतो. प्रारूपाने दाखवायचे ते एवढेच, पण ते कॅल्शियम, एन्झाइमे आणि प्रथिने यांच्या पातळीवर दाखवायचे आहे.

१५ जानेवारी

वाचन सुरू आहे. सेरोटोनिन १९४८ मध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज यांनी रक्ताच्या द्रवातून वेगळे केले आणि पुढच्याच वर्षी त्याची रासायनिक रचना ठरली. तेव्हा त्याच्याकडे रक्तवाहिन्या आकुंचित करणारा पदार्थ म्हणूनच पाहिले जात होते. हार्वर्डमध्ये जॉन वेल्श यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या बेटी ट्वारोग यांनी तो मायटिलसच्या स्नायूवर वापरून पाहिला आणि ॲसिटिलकोलिन आकुंचन घडवते तर सेरोटोनिन कॅच सोडवते, ही जोडी समोर आली. शिंपल्यात चेतापारेषक म्हणून काम करणारा पदार्थ सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असला पाहिजे, या तर्काने त्यांनी पेज यांच्या प्रयोगशाळेत शोध घेतला आणि तो मेंदूत सापडला. गंमत अशी की मेंदूविषयीचा निबंध १९५३ मध्ये छापून आला आणि ज्या स्नायूवरून ही कल्पना सुचली त्याच्याविषयीचा निबंध १९५४ मध्ये.

प्रारूपाच्या दृष्टीने एक जुने निरीक्षण जास्त मोलाचे आहे. विंटन यांनी १९३७ मध्ये दाखवले की अखंड एकदिश विद्युतप्रवाहाने उत्तेजित केलेला हा स्नायू प्रवाह थांबल्यावरही ताण धरून राहतो, पण उलटसुलट किंवा तुटक प्रवाहाने उत्तेजित केल्यास तो लगेच सैल होतो. तेव्हा सेरोटोनिनचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. प्रारूप पूर्ण झाल्यावर त्याने हा फरक स्वतःहून दाखवला पाहिजे. त्यासाठी एकही नवा घटक शेवटी घुसडायचा नाही, अशी अट मी घालून घेतली आहे.

२२ जानेवारी

पहिली आवृत्ती मुद्दाम अगदी साधी ठेवली. ॲसिटिलकोलिनमुळे पेशीपटलावरील विद्युतभार बदलतो, पेशीत कॅल्शियम वाढते, आणि ताण कॅल्शियमच्या प्रमाणात वाढतो किंवा उतरतो, एवढेच तिच्यात आहे. मृदुकाय प्राण्यांत कॅल्शियमचा परिणाम कोठे होतो हे १९७० मध्ये केंड्रिक-जोन्स, लेहमन आणि सेंट-ज्यॉर्जी यांनी दाखवले: पृष्ठवंशीयांच्या कंकालस्नायूंत कॅल्शियम ॲक्टिन या प्रथिनाच्या बारीक तंतुकांवरील ट्रोपोनिनला चिकटते, मृदुकायांत मात्र ते थेट मायोसिनला, म्हणजे ॲक्टिनला ओढणाऱ्या जाड तंतुकांतील प्रथिनाला, चिकटून त्याला कामाला लावते. प्रारूपात त्यासाठी एक तीव्र चढाचा वक्र पुरतो.

ही आवृत्ती अपेक्षेप्रमाणे कॅच दाखवत नाही. कॅल्शियम उतरले की ताण उतरतो. येथे एक मोहाचा मार्ग होता: कॅल्शियम पेशीत हळूहळू उतरते असे मानले असते, तर आलेख हुबेहूब प्रयोगासारखा दिसला असता. पण १९८९ मध्ये सुट्या स्नायुपेशींत कॅल्शियम प्रत्यक्ष मोजले गेले आणि कॅच अवस्थेत ते विश्रांतीच्या पातळीवर परतलेले आढळले. म्हणजे ताण टिकवणारी गोष्ट कॅल्शियमखेरीज दुसरीच आहे. आलेख जुळला पण कारण खोटे ठरले, तर असे प्रारूप शिकवण्याऐवजी दिशाभूलच करील.

३० जानेवारी

ताण टिकवणाऱ्या घटकाविषयी एकंदर तीन कल्पना वेगवेगळ्या काळात पुढे आल्या. पहिली पॅरामायोसिन या प्रथिनाची. या स्नायूतील जाड तंतुकांचा गाभा पॅरामायोसिनचा असतो आणि हे तंतुक अवाढव्य असतात. पृष्ठवंशीयांचे जाड तंतुक १.६ मायक्रोमीटर लांबीचे, तर यांची लांबी वीस मायक्रोमीटरपेक्षाही जास्त. लांब तंतुकावर मायोसिनची अधिक टोके एकाच वेळी समांतर ओढत असल्यामुळे हा स्नायू फार मोठा ताण निर्माण करतो, चौरस सेंटीमीटरला दहा किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे बेडकाच्या पायाच्या स्नायूच्या कितीतरी पट. त्याची किंमत तो वेगात मोजतो. पण मोठा ताण निर्माण करणे आणि तो न खर्चता धरून ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पॅरामायोसिन मुख्यतः पहिलीचे उत्तर देते.

दुसरी कल्पना अशी की मायोसिनची टोकेच ॲक्टिनपासून सुटायला अतिशय वेळ घेतात. तिसरी ट्विचिनची. हे पाच लाख डाल्टनपेक्षा जास्त वजनाचे प्रचंड प्रथिन जाड तंतुकावर असते आणि टायटिन या स्नायुप्रथिनाच्या कुळातले आहे. मॅरियन सिगमन, टॉमस बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की सेरोटोनिनने कॅच सुटतो तेव्हा ट्विचिनला फॉस्फेट जोडला जातो आणि कॅच बसण्यासाठी तो फॉस्फेट निघालेला असावा लागतो. पुढे २००१ मध्ये यामाडा आणि सहकाऱ्यांनी शुद्ध केलेली प्रथिने काचेवर एकत्र आणून पाहिली. मायोसिन, ॲक्टिन आणि ट्विचिन एवढ्यांवर कॅचसारखी घट्ट जोडणी मिळाली. पॅरामायोसिन अनिवार्य नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

आता सेरोटोनिनपासून ट्विचिनपर्यंतची साखळी सलग लिहिता येते. सेरोटोनिन स्नायुपेशीवरील ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) जोडले जाते, पेशीत सायक्लिक एएमपी हा आत निरोप पोचवणारा रेणू वाढतो, त्यामुळे प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम जागे होते आणि ते ट्विचिनला फॉस्फेट जोडते. उलट दिशेला, फॉस्फेट काढण्याचे काम कॅल्सिन्युरिन जातीचे एन्झाइम करते, आणि त्याला कॅल्शियम लागते. या साखळीतला सुबक भाग हाच आहे: ॲसिटिलकोलिनने वाढलेले कॅल्शियम एकाच वेळी दोन कामे करते, मायोसिनला ओढायला लावते आणि ट्विचिनचा फॉस्फेट काढून पुढच्या कॅचची तयारीही करते. नंतर कॅल्शियम निघून जाते, पण फॉस्फेट नसलेले ट्विचिन तसेच राहते. म्हणजे स्नायूची स्मृती या एका फॉस्फेटच्या अभावात साठवलेली असते.

६ फेब्रुवारी

दुसरी आवृत्ती चालू झाली. चार राशी आहेत: कॅल्शियम, सायक्लिक एएमपी, फॉस्फेटयुक्त ट्विचिनचे प्रमाण, आणि जाड व बारीक तंतुकांमधील कॅचच्या दुव्यांचे प्रमाण. दुवे फक्त फॉस्फेट नसलेल्या ट्विचिनपासून तयार होतात. फॉस्फेट जोडला गेला की ते वेगाने तुटतात, एरवी अत्यंत संथपणे. सर्व राशी शून्य ते एकच्या दरम्यान ठेवल्या आहेत, कारण प्रत्यक्ष पेशीतील सांद्रतांचा दावा करण्याचा हेतू नाही.

ॲसिटिलकोलिन दिले, ताण चढला. ते काढले, कॅल्शियम उतरले, ताण थोडासा उतरून जवळजवळ आडव्या रेषेवर स्थिरावला. सेरोटोनिन दिले, सायक्लिक एएमपी चढायला लागणारा थोडा वेळ गेला आणि ताण कोसळला. सेरोटोनिन आधीपासूनच असताना ॲसिटिलकोलिन दिले तर आकुंचन नीट होते, पण ॲसिटिलकोलिन जाताच स्नायू सैल पडतो. हे शेवटचे वर्तन मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सेरोटोनिनला 'शामक' किंवा 'रोधक' म्हणण्याची सवय येथे आड येते; ते आकुंचनाला रोखत नाही, ते आकुंचन संपल्यावर मागे राहणारी पकड काढून टाकते. सेरोटोनिनच्या सान्निध्यात हाच मंद स्नायू पुन्हा पुन्हा आकुंचन-शिथिलन करण्यास मोकळा होतो, आणि शिंपल्याला शरीर हलवायचे असेल तेव्हा हेच हवे असते.

१२ फेब्रुवारी

आज एकच चाचणी, पण निर्णायक. ज्यूएल यांनी १९५९ मध्ये दाखवले होते की सक्रिय आकुंचनात असलेला स्नायू झटक्यात किंचित आखूड होऊ दिला तर शून्यावर आलेला ताण पुन्हा चढतो, कारण मायोसिन ओढतच असते. कॅचमध्ये असलेल्या स्नायूला तसाच झटका दिला तर ताण फारसा परत येत नाही. कॅच ताण निर्माण करत नाही, आधी निर्माण झालेला ताण फक्त धरून ठेवतो. चढावर थांबवलेल्या गाडीच्या चाकामागे दगड लावावा तसे. प्रारूपात दुव्यांची ताणलेली लांबी स्वतंत्रपणे नोंदवावी लागली, पण त्यानंतर दोन्ही वर्तने बरोबर आली.

१४ फेब्रुवारी

मधल्या पातळीच्या कॅल्शियमवर काय होते ते तपासले. सक्रिय बल आणि कॅचचे बल एकाच वेळी हजर असतात. अशा वेळी सेरोटोनिनचा मार्ग चालू केला तर एकूण ताणाचा एक हिस्सा उतरतो, सगळा उतरत नाही. कॅल्शियम भरपूर असताना उतार जवळजवळ दिसतच नाही. सिगमन आणि बटलर यांच्या १९९८च्या निबंधातील पेशीपटल सच्छिद्र केलेल्या स्नायूंवरील निष्कर्षांशी हे जुळते.

२१ फेब्रुवारी

प्रारूप इतर प्राण्यांना कितपत लागू पडते हे पाहण्याची वेळ आली. सुरुवात मर्सिनेरिया या शिंपल्याच्या हृदयापासून केली, कारण तेथे तेच दोन पदार्थ नेमके उलट वागतात: ॲसिटिलकोलिन हृदयाचे ठोके मंदावते, अगदी थांबवतेही, आणि सेरोटोनिन त्यांना जोर देते. वेल्श यांच्या प्रयोगशाळेत हे हृदय अत्यल्प ॲसिटिलकोलिन मोजण्याचे साधन म्हणून वापरले जाई. एखादा चेतापारेषक 'उत्तेजक' की 'रोधक' हा प्रश्न त्यामुळे निरर्थक ठरतो. ॲसिटिलकोलिनच्या ग्राहीमुळे पेशीपटलातील कोणते आयनमार्ग उघडतात, आणि सायक्लिक एएमपी वाढल्यावर पेशीतील कोणत्या प्रथिनांना फॉस्फेट जोडला जातो, यावर उत्तर ठरते. प्रारूपात चेतापारेषकाच्या नावाला अधिक-उणे असे कोणतेही चिन्ह जोडलेले नाही, चिन्ह ग्राहीनंतरच्या पायऱ्यांना आहे. ही रचना हृदयासाठी न बदलता चालते, फक्त पायऱ्या बदलाव्या लागतात.

त्यानंतर ॲप्लिशिया, म्हणजे समुद्री ससा. त्याच्या तोंडात दातेरी जिभेसारखा रॅड्युला असतो आणि तो मिटणारा एक सहायक स्नायू चेताशास्त्रात विलक्षण बारकाईने अभ्यासला गेला आहे. बी-१५ आणि बी-१६ या नावांच्या दोन प्रेरक चेतापेशी त्याला ॲसिटिलकोलिनने आकुंचित करतात. पण त्या केवळ ॲसिटिलकोलिन सोडत नाहीत. बी-१५ मधून लहान हृदयोत्तेजक पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) आणि बी-१६ मधून मायोमॉड्युलिन बाहेर पडते, आणि ही पेप्टाइडे स्वतः आकुंचन घडवत नाहीत. ती ॲसिटिलकोलिनने होणारे आकुंचन मोठे करतात आणि शिथिलनही वेगवान करतात. ब्युकॅलिन नावाचे पेप्टाइड मात्र चेतापेशीच्या टोकावरच काम करून ॲसिटिलकोलिनचे स्रवण कमी करते. यांशिवाय मेंदूतील एक मोठी सेरोटोनिनयुक्त पेशी, प्राणी अन्नामुळे उद्दीपित झाला की, याच स्नायूचे आकुंचन वाढवते.

आकुंचन वाढवणे समजते, पण शिथिलन वेगवान कशासाठी? प्राणी भराभर चावू लागला की रॅड्युला मिटणे आणि उघडणे यांच्यातील अंतर कमी होते. मिटणारा स्नायू वेळेवर सैल झाला नाही तर उघडणारा स्नायू त्याच्याशीच झगडत राहील. म्हणून जोर आणि सुटका ही दोन्ही एकाच वेळी वाढवावी लागतात. ही पेप्टाइडे आणि सेरोटोनिन सायक्लिक एएमपीच्याच मार्गाने काम करतात, आणि १९९४ मध्ये दाखवले गेले की त्यामुळे ॲप्लिशियाच्या स्नायूतही ट्विचिनलाच फॉस्फेट जोडला जातो. कॅच स्नायूबद्दलचा निष्कर्ष याच्या चार वर्षे नंतरचा. एकाच कळीचा उपयोग एका प्राण्यात दीर्घकाळची पकड सोडवण्यासाठी आणि दुसऱ्यात काही सेकंदांच्या चावण्याची लय सांभाळण्यासाठी होतो, हा या संपूर्ण प्रकल्पातील मला सर्वाधिक आवडलेला दुवा आहे. दुवे तुटण्याचा मूळचा वेग वाढवला आणि बाकी समीकरणे तशीच ठेवली, तर प्रारूप ॲप्लिशियासारखे वागते: सायक्लिक एएमपी वाढले की शिथिलनाचा काळ आखडतो. आकुंचन मोठे होणे मात्र यातून निघत नाही. त्यासाठी पेशीत येणारे कॅल्शियम वाढवणारी स्वतंत्र पायरी जोडावी लागली.

२६ फेब्रुवारी

शीर्षपाद प्राण्यांविषयी थोडक्यात. माकुळाच्या त्वचेतील प्रत्येक रंगपेशीभोवती अरीय स्नायू असतात. ते आकुंचन पावले की रंगाची पिशवी ताणली जाऊन ठिपका पसरतो. त्यांना आकुंचित करणारा चेतापारेषक ग्लुटामेट आहे आणि शिथिल करणारा पुन्हा सेरोटोनिन. अष्टपादाच्या बाहूंतील स्नायूंवर मात्र ॲसिटिलकोलिन काम करते. एकाच वर्गात उत्तेजनाचे काम दोन वेगळ्या रेणूंकडे गेलेले दिसते, तर शिथिलनाच्या बाजूला सेरोटोनिन पुन्हा पुन्हा भेटते. हे स्नायू वेगवान असल्यामुळे त्यांना प्रारूपात घेणार नाही. त्यांचा उल्लेख प्रस्तावनेत पुरेसा आहे.

४ मार्च

पेप्टाइडांचा भाग मायटिलसपुरता लिहून पूर्ण केला. प्राइस आणि ग्रीनबर्ग यांनी १९७७ मध्ये एका शिंपल्याच्या चेतागुच्छिकांतून (चेतापेशींच्या गाठींतून) चार अमिनो आम्लांचे, हृदयाला उत्तेजित करणारे पेप्टाइड वेगळे केले. एफएमआरएफ-अमाइड या नावाने ते प्रसिद्ध आहे आणि त्याचे नातलग आज जवळजवळ सर्व प्राणिसंघांत सापडले आहेत. मायटिलसच्या कॅच स्नायूवर ते कमी मात्रेत कॅच सोडवते आणि जास्त मात्रेत आकुंचन घडवते. याशिवाय जपानमध्ये मुनेओका यांच्या गटाने मायटिलसच्याच पादगुच्छिकांतून (पायाच्या चेतागुच्छिकांतून) सात अमिनो आम्लांचे, कॅच सोडवणारे पेप्टाइड मिळवले. डोपामीनही कॅच सोडवते. शिथिलनाचे एवढे मार्ग का असावेत, याचा मला पटणारा अर्थ असा की कॅच हा प्राण्याच्या जगण्याशी निगडित निर्णय आहे: धागे घट्ट धरून लाटांच्या माऱ्यात टिकायचे की सैल होऊन हलायचे. अशा निर्णयावर एकाहून अधिक परिस्थितींची सत्ता असणे स्वाभाविक आहे. हा अर्थ माझा आहे आणि अहवालात तो तसाच, अनुमान म्हणून लिहीन.

मात्रेनुसार उलटणारा परिणाम प्रारूपात बसवताना एकाच पेप्टाइडाला दोन ग्राही मानले, एक कमी सांद्रतेला प्रतिसाद देणारा आणि दुसरा जास्त सांद्रतेला. वर्तन मिळते, पण हे केवळ वर्णन आहे, स्पष्टीकरण नव्हे. म्हणून हा विभाग मुख्य प्रारूपातून वगळून परिशिष्टात टाकला.

११ मार्च

विंटन यांच्या १९३७च्या निरीक्षणाची परीक्षा. प्रारूपाला आतापर्यंत रसायने थेट दिली जात होती. आता त्याला दोन चेता जोडल्या, एक ॲसिटिलकोलिन सोडणारी आणि एक सेरोटोनिन सोडणारी. प्रत्यक्ष स्नायूतही पादगुच्छिकेकडून अशा दोन्ही प्रकारचे तंतू येतात, आणि शिथिल करणारे तंतू सेरोटोनिन सोडतात याचा पुरावा यॉर्क आणि ट्वारोग यांनी १९७३ मध्ये दिला. तुटक विद्युतझटक्यांनी स्नायूतील चेतातंतू सरसकट उत्तेजित होतात असे धरले, म्हणजे दोन्ही चेता प्रत्येक झटक्याला चालतात. अखंड एकदिश प्रवाह मुख्यतः स्नायुपेशींवरच थेट परिणाम करतो असे धरले, म्हणजे सेरोटोनिनची चेता शांत राहते.

तुटक झटक्यांनी ताण चढला आणि झटके थांबताच उतरला. अखंड प्रवाहाने ताण चढला आणि प्रवाह थांबल्यावरही टिकून राहिला. समीकरणांत काहीही बदलले नव्हते. सेरोटोनिनची चेता बंद करून तुटक झटके पुन्हा दिले, तर तेही कॅचमध्येच संपतात.

१८ मार्च

कॅचचा दुवा म्हणजे संथपणे सुटणारे मायोसिनचे टोक की दोन तंतुकांना थेट बांधणारे ट्विचिन, हा वाद प्रारूपात कोठे दिसतो ते तपासले. मायोसिनचे बल रोखणारी रसायने वापरली तरी कॅचमधला ताण टिकतो, हा प्रयोगांचा निष्कर्ष दुसऱ्या बाजूला झुकतो. ट्विचिनचा एक भाग मायोसिन आणि ॲक्टिन दोघांनाही बांधतो आणि फॉस्फेट जोडला गेल्यावर ही बांधणी सुटते, हेही त्याच बाजूचे आहे. प्रारूपाच्या दोन उपआवृत्त्या करून पाहिल्या. सेरोटोनिन, कॅल्शियम आणि विद्युतझटके यांच्या सर्व चाचण्यांत दोन्ही सारख्याच वागतात. फरक पडतो तो कॅच पूर्ण बसलेला असताना मायोसिनचे काम थांबवले तर: पहिलीत ताण उतरतो, दुसरीत राहतो. म्हणून मुख्य आवृत्तीत ट्विचिनचे थेट दुवे ठेवले आणि मायोसिनच्या टोकांची उपआवृत्ती तुलनेसाठी सोबत दिली आहे. आता उरले आहे ते दोन्ही चेतांच्या झटक्यांची वारंवारता वेगवेगळी ठेवून, सेरोटोनिनची चेता किती मंद चालली तरी कॅच बसू शकत नाही, ती सीमारेषा आलेखावर काढण्याचे काम.